पेडणेकरांची मिरची

माहेरची मी वेंगुर्लेकर, लग्नानंतर पेडणेकर. जन्म मुंबईचा, संसार गोव्यातल्या फोंड्याला. नवऱ्याच्या तीन पिढ्यांत कुणी पेडण्याला राहिलेलं नाही. तरी आडनावातल्या त्या 'कर'बद्दल आजवर कुणी आम्हाला जाब विचारलेला नाही. हे सुचलं ते मिरचीमुळे.

दोन वर्षांपूर्वी बाजारात एका बाईकडून सुकी खोला मिरची घेतली. "खोल्याचीच ना?" मी खात्री करून घेतली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचंच कूळ विचारत होते. घरी मसाला वाटताना सासूबाईंनी चार बिया बाजूला काढल्या आणि गॅलरीतल्या कुंडीत टाकल्या. रोपं आली, फुलली, लालभडक मिरच्या लागल्या.

मग बरणीवर चिठ्ठी लावायची वेळ आली. 'खोला मिरची' असं लिहायला घेतलं, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, असं लिहून विकलीस तर तुरुंगात जाशील." विकायची नव्हतीच, पण पोराचं चुकत नव्हतं. वस्तूंच्या भौगोलिक उपदर्शनाचा, म्हणजे गावावरून ओळखल्या जाणाऱ्या मालाचं नाव राखणारा, कायदा 1999 चा. 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. अशा नावांची नोंदणी चेन्नईला होते. नोंदवलेलं नाव खोटेपणाने लावून माल विकला तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर पन्नास हजार ते दोन लाख दंड. खोला मिरचीचं नाव असं नोंदवलेलं आहे, आणि ती काणकोण तालुक्यातल्या खोला गावच्या डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर पिकते. आमची कुंडी पाचव्या मजल्यावर, नळाच्या पाण्यावर. बी तेच, पण गाव सुटलं की नाव सुटलं.

माणसाचं मात्र सुटत नाही! मुंबईत, दुबईत, कुठेही जा, पेडणेकर तो पेडणेकरच. हा पक्षपात मला फार खटकतो.

बरं, गावाचं म्हणून मिरवणाऱ्यांचं मूळ तरी कुठे गावातलं असतं? काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला, आणि 2009 मध्ये गोव्यातून पहिली नोंद झाली ती त्याच काजूच्या फेणीची. नारळाची फेणी त्या नोंदीत नाहीच. माडाने काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक. मानकुराद आंब्याची तर गंमतच. 'मालकोराद' म्हणजे रंगाने वाईट, असं पोर्तुगीजांनी म्हटल्याचं सांगतात. ज्याला नावं ठेवली, त्याचं तेच नाव 2023 मध्ये कायद्याने राखलं गेलं. माझ्या सासूबाई मात्र एप्रिलमध्ये त्याला नुसतं 'आंबो' म्हणतात. बाकीचे आंबे त्यांच्या हिशेबी आंब्यात धरायचे नसतात.

या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो, तो विकता येतो. हे गावाचं नाव कुणाला विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. सावकाराच्या दारात घरं-भाटं गेलेल्या लोकांच्या प्रदेशात ही तरतूद वाचून बरं वाटलं. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे दर दहा वर्षांनी नवी करायची. तेवढं आडनावाला करावं लागत नाही, हा आणखी एक पक्षपात.

चिठ्ठी कोरीच होती. सासूबाई कंटाळून म्हणाल्या, "आमची म्हणून बरय गो!" म्हणजे, आमची म्हणून लिही. मग मी लिहिलं, 'पेडणेकरांची मिरची'. कायद्याला धक्का नाही, खोटंही काही नाही.

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. बरणी उचलून त्यांनी चिठ्ठी वाचली, झाकण काढून वास घेतला आणि खुशीत म्हणाल्या, "पेडण्याची? म्हणजे तिथल्या हरमल गावची असणार. वासावरूनच कळतं!"