एका टीओओची गोष्ट: क्ष-किरण दुर्बिणीवर सपोर्ट सायंटिस्ट म्हणून माझा अनुभव

सपोर्ट सायंटिस्ट म्हटलं की लोकांना हेल्पडेस्क वाटतो, आणि खरं सांगायचं तर निम्मं काम तेच आहे, पण उरलेलं निम्मं कुणाला फारसं माहीत नसतं म्हणून लिहितोय. मी चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीवर काम करतो (चांद्रयान नव्हे, घरी अजूनही गोंधळ होतो). जुलै १९९९ मध्ये कोलंबिया शटलनं ती वर नेली आणि तिचं सायन्सचं कामकाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजहून चालतं. ज्या शास्त्रज्ञांना दुर्बिणीवर वेळ मिळालाय त्यांचं निरीक्षण वर जाण्याआधी नीट तपासायचं आणि डेटा आला की त्यांच्या शंका निस्तरायच्या, हे माझं काम.

नवीन होतो तेव्हा एक टीओओ माझ्याकडं आली. टीओओ म्हणजे टार्गेट ऑफ ऑपॉर्च्युनिटी, आकाशात अचानक काही पेटलं की वेळापत्रक मोडून तिकडं बघायची विनंती. इथं एका जवळच्या आकाशगंगेत नवाच सोर्स, म्हणजे क्ष-किरण सोडणारी वस्तू, उजळला होता, डायरेक्टरच्या ऑफिसातून मंजुरी आली आणि मला सांगितलं की पॅरामीटर्स आजच पक्के कर.

अर्ज एका शास्त्रज्ञ बाईंचा होता, उघडला तर डिटेक्टरची पूर्ण चिप मागितलेली. मी पिम्समध्ये आकडे घातले (अंदाजे काउंट रेट, म्हणजे सेकंदाला किती फोटॉन मोजले जातील ते, काढायचं साधन आहे ते, आमच्याकडं दिवसभर तेच उघडं असतं) तर सेकंदाला एखादा फोटॉन येणार असं दिसलं. ऐकायला काहीच नाही वाटत ना? पण एसिसची (चंद्रावरचा क्ष-किरण कॅमेरा) सीसीडी, म्हणजे डिटेक्टरची चिप, पूर्ण चिपवर ३.२ सेकंदांनी एकदा वाचली जाते, म्हणजे एका फ्रेममध्ये तीनेक फोटॉन, आणि चंद्राचे आरसे इतके धारदार आहेत, अर्ध्या आर्कसेकंदाच्या आसपास (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, असे साठ म्हणजे एक आर्कमिनिट), की ते सगळे त्याच दोनचार पिक्सेलवर येऊन आपटतात. मग डिटेक्टर दोघांना एकच समजतो आणि त्यांच्या ऊर्जेची बेरीज करून टाकतो. याला पाइल-अप म्हणतात. काउंट कमी भरतात, स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्याचा आलेख) आहे त्यापेक्षा कडक, म्हणजे जास्त ऊर्जेकडं झुकलेला, दिसतो, आणि सोर्स फारच तेजस्वी असेल तर चिपवर उमटलेला ठसा कॉस्मिक रेसारखा (अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणासारखा) वाटून वरच्या वरच फेकून दिला जातो आणि इमेजमध्ये सोर्सच्या मधोमध चक्क भोक दिसतं. सगळ्यात उजळ जागी काळं! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फाइलच खराब वाटली होती.

उपाय सोपा आहे, चिपचा आठवा भाग, एक पट्टीच, वाचायची, म्हणजे फ्रेम ०.४ सेकंदावर येते. पाइल-अप पूर्ण जात नाही पण हिशोबात धरता येईल इतका राहतो. मी तसं कळवलं तर बाईंचं लगेच उत्तर, नको, कारण आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर दोनतीन आर्कमिनिटांवर आहे आणि तेही हवंय. आता ती पट्टी जेमतेम एक आर्कमिनिट रुंदीची. मग म्हणाल्या पट्टी तिरकी फिरवा, दोन्ही बसतील. ते आमच्या हातात असतं तर काय हवं होतं! दुर्बिणीचा रोल, म्हणजे ती स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरलेली आहे ते, सूर्य कुठं आहे त्यावर ठरतो कारण सोलर पॅनेल त्याच्याकडं राहायला लागतात आणि दुसरी बाजू सावलीत, थोडाफार इकडं तिकडं करता येतं तेवढंच. शेवटी मी दोन्ही सेटिंग्जमध्ये डेटा कसा दिसेल त्याचे नमुना स्पेक्ट्रम संगणकावर तयार करून शेजारी शेजारी लावून पाठवले आणि विचारलं, यातला कुठला पेपरात छापाल? पट्टी मान्य झाली. वाद घालण्यापेक्षा आलेख पाठवावा, हे मी तिथं शिकलो.

पुढचं काम मिशन प्लॅनिंगचं, आणि त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. आठवडाभराच्या कमांड्स एकत्र बांधून वर पाठवतात, त्याला लोड म्हणतात, दुर्बीण त्याप्रमाणं आपली आपण चालते, जमिनीवरून कुणी जॉयस्टिक फिरवत नसतं. टीओओ मध्ये घुसली की चालू लोड थांबवून नवीन बांधायचा, बाकीच्यांची निरीक्षणं सरकवायची. त्यात दुर्बिणीचं बाहेरचं इन्सुलेशन इतक्या वर्षांत खराब झालंय, त्यामुळं सूर्याशी ठराविक कोनात फार वेळ थांबलं की कुठला ना कुठला भाग तापतो, म्हणून लांब निरीक्षणाचे तुकडे करावे लागतात. आमचेही दोन तुकडे झाले. शिवाय सूर्याच्या साधारण ४६ अंशांच्या आत बघायचंच नाही. २०१७ मधल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचं, जीडब्ल्यू १७०८१७ चं, तसंच झालं होतं. चंद्राला त्यातून क्ष-किरण दिसले आणि थोड्याच दिवसांत ती जागा सूर्याजवळ गेली, मग थेट डिसेंबरपर्यंत सगळे हात चोळत बसले. आमच्या सोर्सचीही खिडकी बंद होत आली होती, म्हणून ती घाई.

लोड वर गेला आणि मी अंतराळातलं हवामान बघत बसलो. चंद्राची कक्षा लांबोळकी आहे, एका फेरीला साधारण ६४ तास, त्यात पृथ्वीजवळ आली की किरणोत्सर्गाच्या पट्ट्यातून जाते आणि तेवढा वेळ एसिस फोकसमधून बाजूला ठेवतात. १९९९ मध्ये अगदी सुरुवातीलाच कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून घसरत येऊन काही सीसीडी बिघडवून गेले, तेव्हापासूनची ही खबरदारी. पण सौरवादळ वेळापत्रक बघून येत नाही, रेडिएशन वाढलं की सायन्स बंद आणि लोड पुन्हा बांधा. त्या वेळी सूर्य गप्प बसला.

डेटा आल्यावर बाईंचा मेल, एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (फोटॉनची ऊर्जा मोजायचं एकक) खाली काउंट फारच कमी, सोर्सभोवती गॅसचा जाड थर आहे का? मी आधी विचारलं कॅलिब्रेशन फाइल्स, म्हणजे उपकरणाचे स्वतःचे दोष हिशोबात धरणाऱ्या फाइल्स, कधीच्या आहेत. एसिसच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं एक मळीचा थर साचत गेलाय आणि तो कमी ऊर्जेचे फोटॉन खातो, जुन्या फाइल्स वापरल्या की ती मळी सोर्सच्या खात्यावर पडते. नवीन टाकल्यावर गॅस बराचसा गेला. असे प्रश्न नेहमीचेच. एका विद्यार्थ्यानं सोर्स दर ७०७ सेकंदांनी कमीजास्त उजळतो असा पीरियड सापडला म्हणून मोठ्या उत्साहात कळवलं होतं, आणि चंद्रा मुद्दाम हळूहळू डुलत असते, एका दिशेला १००० सेकंदांनी आणि दुसऱ्या दिशेला ७०७, त्यामुळं चिपच्या कडेला असलेला सोर्स त्याच तालात आतबाहेर होतो. बिचाऱ्याला सांगताना मलाच वाईट वाटलं.

खिडकी बंद व्हायच्या आत बाईंनी दुसरी विनंती टाकली. एव्हाना सोर्स बराच फिका पडला होता, पिम्सनं पाइल-अप नगण्य दाखवला, मग या वेळी पूर्ण चिप दिली आणि त्यांचं ते कृष्णविवरही फ्रेममध्ये आलं.