पिंगळ्याची नोंदवही : समोरून उत्तर आलं नाही तर काय समजायचं?

मागच्या नोंदीत पिंगळा, म्हणजे माझी छोटी रोबो गाडी, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न धडकता जाऊ लागला होता. दुसऱ्याच दिवशी आईने दिवाणावर गोधडी टाकली. तिची एक कड जमिनीपर्यंत लोंबत होती आणि पिंगळा थेट तिच्यात घुसला. मागे घेतला, पुन्हा सोडला, पुन्हा घुसला. त्या गोधडीपायी गेले तीन आठवडे मी कोड मुळापासून नव्याने लिहितो आहे.

गाडी तीच आहे. अ‍ॅक्रिलिकची चेसिस, १:४८ गिअरच्या दोन पिवळ्या मोटारी, मागे एक भिरभिरतं चाक, १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल, कोड चालवणारा ईएसपी३२ बोर्ड आणि पुढे आवाजाने अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर. त्या सेन्सरचे दोन गोल डोळे बघूनच लेकीने नाव ठेवलं पिंगळा. खरं तर ते डोळे नाहीत, एक तोंड आहे आणि एक कान. ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंदांचा पल्स दिला की तोंड ४० किलोहर्ट्‌झच्या ८ लहरी सोडतं, इको पिन वर जाते, आणि प्रतिध्वनी कानावर पडला की खाली येते. मधले मायक्रोसेकंद ५८ने भागले की सेंटीमीटर मिळतात. इथपर्यंत आपण सगळेच येतो.

पण प्रतिध्वनी आलाच नाही तर? मी २५ मिलीसेकंदांच्या पुढे वाट बघत नाही, म्हणजे सव्वाचार मीटरच्या पलीकडचं ऐकतच नाही. तेवढ्यात उत्तर आलं नाही की कोडच्या हाती ० येतो. सुरुवातीला हे शून्य आलं की पिंगळा मोकळ्या हॉलमध्ये मधेच थबकायचा. म्हणून मी एक ओळ घातली होती : शून्य आलं तर ४०० समज. म्हणजे उत्तर नाही, तर समोर मोकळं आहे. रिकाम्या हॉलमध्ये ती ओळ छान चालली. गोधडीपुढे ती सरळ खोटी ठरली. पिंगळ्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि मी त्याला ‘रस्ता मोकळा आहे’ असं सांगत होतो.

मग गाडी बाजूला ठेवून नुसता सेन्सर घेऊन बसलो. ६० सेंटीमीटरवर एकेक वस्तू ठेवायची आणि २० वेळा मोजायचं. भिंतीने २० पैकी २० वेळा उत्तर दिलं, पुठ्ठ्याच्या खोक्यानेही. गोधडीने फक्त ६ वेळा. कापसासारखे मऊ थर आवाज पिऊन टाकतात, हे ठाऊक होतं. धक्का बसला तो कपाटाच्या दाराने. समोरासमोर २० पैकी २०, आणि तेच दार अर्धवट, ४५ अंशांत उघडं ठेवलं तर शून्य! लाकडी, टणक, माणसाएवढं उंच दार, आणि पिंगळ्याच्या लेखी ते नाहीच. कारण कागदावर मांडलं तेव्हा उलगडलं. ४० किलोहर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटर भरते. दाराचा खडबडीतपणा त्यापुढे काहीच नाही, त्यामुळे या आवाजासाठी ते दार म्हणजे आरसा. तिरका आरसा आवाज दुसरीकडेच धाडून देतो.

तापमानाचंही बघितलं. १५ अंशांना आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, ३८ अंशांना ३५४. दोन मीटरवर आठेक सेंटीमीटरचा फरक पडतो. नकाशा काढायचा असेल तर हे दुर्लक्षून चालणार नाही, म्हणून तापमान मोजणारा एक थर्मिस्टर लावून ५८चा आकडा बदलता ठेवला.

पुढच्या शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन व्हीएल५३एल०एक्स हा दुसरा सेन्सर आणला. हा ९४० नॅनोमीटरचा अदृश्य लेझर सोडतो आणि प्रकाशाच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजतो. टप्पा दोन मीटरच्या आतबाहेर, पण गोधडी त्याला २० पैकी २० वेळा दिसली. तिरकं दारही दिसलं, कारण रंगवलेलं लाकूड प्रकाश सगळीकडे विखुरतं. आनंदाने त्याला बाल्कनीच्या काचेच्या दारासमोर धरला, तर तो काचेतून आरपार बाहेरची कुंडी मोजत बसला. आणि दुपारचं ऊन थेट आत येतं तेव्हा त्याचा टप्पा पार आखडतो. आवाजाला काच पक्की ऐकू येते. म्हणून मी आता दोन्ही ठेवले आहेत, एकाच्या डोक्यावर दुसरा.

जोडणीतल्या दोन गोष्टी आवर्जून सांगतो. एचसी-एसआर०४ची इको पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्या, तेव्हा मधे व्होल्टेज उतरवायला १ किलोओहम आणि २ किलोओहम रोधांचा विभाजक घालाच. दुसरं, मोटारींना वीज पुरवणारा ड्रायव्हर बदलला, एल२९८एन काढून टीबी६६१२ बसवला. जुना ड्रायव्हर दोनेक व्होल्ट स्वतःच खायचा, मोटारी सुटताना बॅटरी दबायची आणि बोर्ड रीसेट व्हायचा. प्रत्येक मोटारीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केल्यावर मोजमापातला थरथराटही गेला.

आता मुख्य काम, नकाशा. इथे मला हान्स मोरावेक आणि अल्बर्टो एल्फेस यांची १९८५मधली कल्पना उपयोगी पडली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी रोबोवर पोलरॉइडचे सोनार लावले होते. जमिनीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात ‘भिंत आहे की नाही’ असं न लिहिता, असण्याची शक्यता किती ते लिहायचं. माझा हॉल ४ बाय ३ मीटर, चौकोन ५ सेंटीमीटरचा, म्हणजे ८० गुणिले ६०, एकूण ४८०० चौकोन. चौकोनाला एक बाइट. ईएसपी३२ला ते काहीच नाही.

यातली मला अतिशय आवडलेली गोष्ट अशी. पिंगळ्याचा आवाज साधारण १५ अंशांच्या शंकूत पसरतो, १ मीटरवर तो २६ सेंटीमीटर रुंद होतो. ‘१ मीटर’ हे उत्तर आलं, तर त्या कमानीवर कुठेतरी वस्तू आहे एवढंच कळतं. पण कमानीच्या अलीकडचा भाग बऱ्यापैकी रिकामा आहे, हेही त्याच उत्तरात येतं. म्हणून अलीकडच्या चौकोनांतून थोडं वजा करायचं, कमानीवरच्या पाचसहा चौकोनांत थोडं थोडं वाढवायचं. जागा बदलून पुन्हा विचारलं की दोन कमानी जिथे छेदतात तो चौकोन आपोआप गडद होतो.

आणि उत्तर नाही आलं तर? आता काहीच लिहायचं नाही. चौकोन सुरुवातीला असतो तसा मधल्या आकड्यावर, राखाडी राहतो. मोकळं, अडलेलं आणि ठाऊक नाही, अशी तीन उत्तरं झाली. राखाडी चौकोन समोर आला की पिंगळा वेग निम्मा करतो, थांबतो, डावीकडे उजवीकडे १५-१५ अंश वळून पुन्हा विचारतो, आणि मगच पुढे सरकतो.

स्थान मात्र अजून पक्कं नाही. चाक ६५ मिलिमीटरचं, चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या एन्कोडरच्या चकतीला २० खाचा, म्हणजे एका खाचेला जेमतेम १ सेंटीमीटर. फरशीवर हे ठीक, सतरंजीवर चाक घसरतं आणि नकाशातली भिंत दुहेरी उमटते. एमपीयू६०५० या जायरो सेन्सरने वळण मोजून बघितलं, पण उभ्या गाडीतही त्याचा कोन मिनिटाला दोनेक अंश सरकत राहतो. चालू करताना ५०० मोजमापांची सरासरी वजा केल्यावर बरंच सुधारलं. सतरंजीवर तुमच्यापैकी कुणी यापेक्षा चांगलं काही साधलं असेल तर मला खरोखर हवं आहे.

काल रात्री सगळे झोपल्यावर गोधडी पुन्हा तशीच सोडली. पिंगळा आला, ४० सेंटीमीटरवर थबकला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आवाजाकडून काही नाही, लेझरकडून ३८. तो वळला आणि दिवाणाला वळसा घालून गेला. लॅपटॉपवरच्या नकाशात गोधडीच्या जागी एक बारीक काळी रेघ उमटली. दिवाणाखालचा सगळा भाग अजून राखाडी आहे. तिथे जायचं तर उंची १४ सेंटीमीटर आणि पिंगळा १६चा, म्हणून या आठवड्यात सेन्सरची पट्टी खाली उतरवतो आहे.