नको वैनी, ती गोळी नको

आज सकाळच्या बसने खानापूरहून बेळगावला रक्त द्यायला गेलो. लिथियमची तपासणी, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरायला मी घेतो त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण. रात्रीची गोळी 9 ला घेतलेली, म्हणून रक्त सकाळी 9 ला. शेवटच्या डोसनंतर 12 तास जावे लागतात, नाहीतर आकडा फसवा येतो. 0.8 आला. जीव भांड्यात पडला.

परवा भाताची लावण करून कंबर धरली होती. वैनीने मायेनं तिची दुखण्याची गोळी पुढे केली. डायक्लोफिनॅक. नको म्हटलं तर तिला वाईट वाटलं. मग शांतपणे सांगितलं: अशा गोळ्यांमुळे मूत्रपिंडातून लिथियम कमी बाहेर पडतं, रक्तात साचतं. जुलाब-उलट्या झाल्या, खूप घाम गेला, मीठ एकदम तोडलं, तरी तोच धोका. हात जोरात थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली तर लगेच दवाखाना गाठायचा.

दोन वर्षांमागे बरं वाटतंय म्हणून मी गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या होत्या. घरानं तेव्हा जे सोसलं ते इथं लिहवत नाही.

संध्याकाळी परतलो तर वैनीनं विचारलं, “एकादशीला निर्जळी करणार नाहीस न्हवं?” पाण्याचा तांब्या तिनंच भरून ठेवला होता.