तुम्ही विचारलंत म्हणून: पाइपावरचं शेवटचं अक्षर

"साहेब, नंबर तोच आहे ना? मग एका अक्षरावरून माल कशाला अडवता?" कळंबोलीच्या लोखंड बाजारात हे मला कायम विचारतात. तळोज्याच्या वर्कशॉपमध्ये नवीन लागलेली मुलंही विचारतात. पाइप तपासणं हेच माझं काम, तेव्हा एकदा नीट सांगतो.

तेल-वायूच्या पाइपावर एपीआय ५एल (अशा पाइपांचं अमेरिकन मानक), एक्स ६५ एम असं काहीतरी रंगवलेलं असतं. ६५ म्हणजे यील्ड, म्हणजे पोलाद कायमचं ताणलं जाण्याआधी सोसतं तो ताण: दर चौरस इंचाला किमान सुमारे ६५,००० पाउंड, म्हणजे ४५० मेगापास्कल. ही ताकद आली कशी, ते शेवटचं अक्षर सांगतं. एन म्हणजे नॉर्मलाइज्ड, साधारण ९०० अंशांपर्यंत तापवून हवेत निववलेला. क्यू म्हणजे तापवून एकदम थंड केलेला, बहुधा पाण्याने, आणि मग टेम्परिंग करून, म्हणजे पुन्हा कमी तापवून, ठिसूळपणा काढलेला. एमला अशी वेगळी हीट ट्रीटमेंट नसते. प्लेट किंवा कॉइल रोलिंगला असतानाच तापमान सांभाळून पोलादाचे कण बारीक केलेले असतात.

एम मला मनापासून आवडतो. कार्बन कमी ठेवूनही ताकद मिळते, वेल्डिंगला त्रास देत नाही. लांबच्या लाइनीला उत्तम. पण साइटवर तोंडं जुळेनात म्हणून फिटरने त्यावर टॉर्च धरली आणि पाइप ५८० अंशांच्या वर गेला, तर कमावलेली ताकद उतरू शकते. गार झाल्यावर जाडी तीच, व्यास तोच. डोळ्यांना काही कळत नाही. एन पाइप गरम करून वाकवला तर पुन्हा नॉर्मलाइज करता येतो. एमचं रोलिंग पुन्हा कुठून करणार? म्हणून गिऱ्हाइकाने एन मागितला असेल, तर त्याने लेखी मान्य केल्याशिवाय एम द्यायचा नाही.

कधी त्यापुढे एस असतो, सावर सर्व्हिसचा, म्हणजे आंबट गॅससाठीचा. वसईच्या समुद्रातला हजिऱ्याला जाणारा गॅस असा, हायड्रोजन सल्फाइडवाला. त्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक जागी तडा पाडतो. म्हणून कडकपणा २५० विकर्सच्या (कडकपणा मोजायचं माप) आत लागतो, वेल्डजवळसुद्धा. अशा मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटला एचआयसी चाचणीचा, म्हणजे हायड्रोजनने तडे जातात का ते पाहणाऱ्या चाचणीचा, निकाल नसेल, तर गेटवर ट्रेलर भरून उभा असला तरी मी सही करत नाही.