घरात शुगर होती म्हणून नाही आले मी या विषयात

मी या विषयात कशी आले हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डायबेटीसवर संशोधन करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "घरात कुणाला आहे का?" आणि विचारताना आवाज आपोआप हळू होतो. खरं उत्तर असं की तेव्हा घरात कुणालाच नव्हता, मी आले ते फॉस्फेटमुळे.

एमएस्सीला होते तेव्हा एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना 1992 चं नोबेल नुकतंच मिळालेलं आणि सरांनी त्यांचं काम शिकवलं, की एखाद्या प्रोटीनला एक फॉस्फेट चिकटला की ते कामाला लागतं (किंवा थांबतं) आणि तो काढला की परत पहिल्यासारखं. एवढीशी गोष्ट आणि पेशीचा निम्मा कारभार त्यावर चालतो! होस्टेलवर येऊन जी भेटेल तिला मी हेच सांगत सुटले होते.

इन्सुलिन नंतर आलं. ते काही साखरेला धरून पेशीत ढकलत नाही, ते बाहेरच, पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं. हा रिसेप्टर स्वतःच एक कायनेज आहे, म्हणजे फॉस्फेट लावणारा, हे 1982 मध्ये कळलं. तिथून आयआरएस, मग पीआय-थ्री कायनेज, मग एकेटी अशा पेशीतल्या प्रोटीनांमधून निरोप हातोहात आत जातो आणि ग्लूट-4 नावाची ग्लुकोजची दारं, जी एरवी पेशीच्या आत छोट्या पिशव्यांमध्ये पडून असतात, ती वर येऊन पेशीच्या आवरणात बसतात. हे सगळं काही मिनिटांत.

मग माझी वर्षं कशात गेली तर डिशमध्ये उंदराच्या स्नायूंच्या पेशी वाढवायच्या, त्या जुळून लांब तंतू होईपर्यंत पाच-सहा दिवस थांबायचं, काही तास सीरम (त्यांचं पोषण) काढून उपाशी ठेवायचं, इन्सुलिन द्यायचं आणि दहा मिनिटांनी वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे एखादं प्रोटीन पट्ट्याच्या रूपात फिल्मवर दाखवणाऱ्या चाचणीसाठी, पेशी फोडायच्या. डार्करूमच्या लाल दिव्यात डेव्हलपरमध्ये फिल्म हलवताना फॉस्फेट लागलेल्या एकेटीचा काळा पट्टा हळूहळू उमटायला लागायचा तो क्षण मला आजही तितकाच आवडतो. त्याच पेशींना आदल्या रात्री पामिटेट, म्हणजे आपल्या तुपा-पामतेलात असतं ते फॅटी अ‍ॅसिड, दिलेलं असलं तर तोच पट्टा फिका. इन्सुलिन तेवढंच, रिसेप्टर जागेवर, पण निरोप मधेच कुठेतरी अडकतो. तो नेमका कुठे, हाच माझा विषय.

आणि मग 2009 मध्ये आईला डायबेटीस निघाला. आई शिडशिडीत, जन्मभर चालणारी, तिला कसा काय म्हणून सगळे चकित. मला मात्र पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला 2004 चा फोटो आठवला, ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, 22.3, पण शरीरातली चरबी यडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांची 21.2. वरून बारीक, आतून चरबी. त्या आठवड्यात लॅबमध्ये पामिटेटची बाटली हातात घेताना मला पहिल्यांदा कसंतरी झालं, इतकी वर्षं तो फिका पट्टा माझ्यासाठी फक्त डेटा होता.

म्हणून घरच्या आजारामुळे आले असं मी म्हणत नाही, ते खोटं होईल आणि मला वाटतं नुसत्या कुतूहलानेही माणसाने या विषयात यावं, आजार नंतर भेटतोच.

आईला मी एकच गोष्ट नीट समजावली. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लूट-4 इन्सुलिनशिवायही वर येतं, वेगळ्या वाटेने, आणि इन्सुलिनचा निरोप अडकलेल्या माणसातही ही वाट बऱ्यापैकी शाबूत असते. तेव्हापासून गोळ्या चालूच आहेत पण रात्री जेवण झालं की ती गॅलरीत चकरा मारते आणि मधेच दारातून डोकावून विचारते, "उघडली का गं दारं?"

मी म्हणते, अजून दहा मिनिटं चाल.