चार चिऱ्यांवरची कणगी

कोकणातल्या आमच्या जुन्या घरी माजघरात, भिंतीपासून माणूस आडवा होऊन जाऊ शकेल इतके अंतर राखून, भाताची कणगी, म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली, उभी असे. खाली चार जांभे चिरे, त्यांवर फणसाच्या फळ्या आणि फळ्यांवर कणगी, अशी ती बैठक फूटभर उंच होती. त्या रिकाम्या जागेत काहीही ठेवायचे नाही, हा आजीचा दंडक होता. सूप, रोवळी, विळा, काहीही तिथे सरकवलेले दिसले की ती ते त्याच पावली बाहेर काढायला लावी. "मांजरीला वाट हवी," एवढेच ती म्हणे. जिथे मांजर सहज फिरते आणि केरसुणीही पोहोचते, तिथे उंदीर घर करत नाही, हे ती अनुभवाने जाणून होती.

उंचीचे दुसरे कारण ओल हे होते. आषाढात शेणाने सारवलेली जमीन अनवाणी पायाला गार आणि दमट लागते. भात तिच्यावर टेकलेले असेल तर ती ओल हळूहळू वर चढते आणि तळाचे दाणे काळे पडू लागतात. खालून वारा खेळता राहिला की तळ कोरडा राहतो.

स्पेनमधल्या गॅलिसिया प्रांतात 'ओरेओ' नावाची धान्याची कोठारे दगडी खांबांवर उभारलेली असतात आणि खांबांच्या माथ्यावर रुंद, चपटे दगड बसवलेले असतात, जेणेकरून उंदराला वर चढता येऊ नये. त्यांची छायाचित्रे मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला आमचे चार चिरेच आठवले. तोही प्रदेश भरपूर पावसाचा आहे.

कणगी बुरुडाकडून विणून घेत. बांबूच्या कामट्यांची ती गोल विण घरी आली की शेण, माती आणि भाताचा तूस एकत्र मळून तिला आतून-बाहेरून लिंपावे लागे. आजी उजव्या हाताचा तळवा खालून वर ओढत जाई आणि प्रत्येक फटीवर अंगठा दाबून पुढे सरके. लिंपण वाळल्यावर त्यावर तिच्या बोटांच्या कमानी उमटलेल्या दिसत. भात भरून झाले की निर्गुडीचा पाला आणि पेंढा घालून तोंडही लिंपून टाकत.

भरण्यापूर्वीची परीक्षा दातांची होती. दाणा चावला की कट् असा आवाज यायला हवा. तो दबला तर भात पुन्हा खळ्यावर पसरायचे. भातातील ओलावा १४ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय ते साठवू नये, असे शेतीशास्त्र सांगते. कापणीच्या वेळी तो २० टक्क्यांच्याही वर असू शकतो, त्यामुळे उन्हाचे ते चार-पाच दिवस टाळता येत नाहीत.

पुढे आम्ही पत्र्याची कोठी आणली, कणगी मोडली आणि चिरे अंगणात टाकले. कोठी थेट जमिनीवर, भिंतीला चिकटवून ठेवली आणि घाईत जरा कच्चेच वाळलेले भात तिच्यात भरले. श्रावणात झाकण उघडले तेव्हा कुबट वास आला. भिंतीकडच्या बाजूला दाणे एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले होते. मी दोष कोठीला देत नाही. उंदरापासून ती कणगीपेक्षा अधिक सुरक्षित आहे. मात्र लिंपलेल्या बांबूतून थोडीफार वाफ बाहेर पडते, पत्र्यातून ती पडत नाही आणि थंड पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी धरते. म्हणून कोठीसाठी भात अधिक काळजीने वाळवायला हवे होते आणि बैठकही तशीच ठेवायला हवी होती. नवी वस्तू आणताना जुन्या वस्तूखालची मोकळी जागाही आम्ही फेकून दिली, याची मला आजही खंत वाटते.

त्यानंतरच्या दिवाळीत अंगणातले चिरे मी धुऊन आत आणले. एकाचा कोपरा फुटला होता, त्याखाली कौलाचा तुकडा सरकवून बैठक समतल केली आणि कोठी तिच्यावर चढवली. आता भिंत आणि कोठी यांच्यामधून केरसुणी आरपार जाते, आणि दुपारी मांजर खालीच झोपलेले असते.