समासातली माणसं

शाळेच्या वहीला डाव्या हाताला तांबडी रेघ असते आणि तिच्या पलीकडे आपण काही लिहायचं नसतं. तिथे बाईंनी बरोबरची खूण करायची, फार तर ‘अक्षर सुधारा’ लिहायचं. समास म्हणजे सोडायची जागा, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ताल्मूदचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्रावरच्या जुन्या वादचर्चांच्या ग्रंथसंग्रहाचं, छापील पान पहिल्यांदा समोर आलं की नजर नेमकी कुठे ठेवावी तेच कळत नाही. मधोमध मूळ मजकूर, तोही कधी कधी जेमतेम चारपाच ओळी, आणि त्याच्या भोवती बारीक टायपाचा वेढा. त्या समासात माणसं बिऱ्हाड करून राहिलेली आहेत, तीही शेकडो वर्षं.

त्यातलं सगळ्यात मानाचं बिऱ्हाड राशी या भाष्यकाराचं. रब्बी श्लोमो यित्झ्हाकी या नावाची आद्याक्षरं जोडून राशी झालं. जन्म १०४० च्या सुमारास, फ्रान्सच्या शाम्पेन प्रांतातल्या त्रुआ गावी, मृत्यू ११०५. तरुणपणी ऱ्हाइनकाठच्या माइन्झ आणि वर्म्स इथल्या पाठशाळांत शिकले, पंचविशीच्या सुमारास गावी परतले आणि उरलेलं आयुष्य शिकवण्यात आणि लिहिण्यात घालवलं. त्यांचा द्राक्षमळा होता असं सगळीकडे वाचायला मिळतं. इतिहासकार त्यावर अजून वाद घालतात, तेव्हा आपण मळ्यात शिरायला नको. मुलगे नव्हते, मुली होत्या. जावई आणि नातू मात्र असे निघाले की पुढच्या दोन पिढ्या घरातल्या घरातच वाद चालले. त्यांच्या परंपरेतल्या टीपांना ‘तोसाफोत’ म्हणतात, म्हणजे पुरवण्या. पानावर राशी शिवणीकडच्या बाजूला आणि तोसाफोत बाहेरच्या कडेला. आजोबा आत, नातवंडं दाराशी.

राशींचं काम नेमकं काय, हे समजायचं तर आधी अडचण समजली पाहिजे. ताल्मूदच्या मूळ मजकुरात स्वरचिन्हं नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत, अवतरणं नाहीत. एक म्हणतो, दुसरा खोडतो, तिसरा पहिल्याच्या बाजूने बोलतो आणि हे सगळं सलग, बहुतांश अरामी भाषेत. ‘असं आहे’ आणि ‘असं आहे होय?’ यांत छापील फरक शून्य. तिथे राशी शेजारी एकच शब्द टाकतात, ‘बित्मीहा’. म्हणजे हे नवलाने वाच, हा प्रश्न आहे. एवढ्या एका शब्दाने परिच्छेदाची दिशा फिरते. विद्वत्ता दाखवायला इथे जागाच नाही. वाचणारा अडखळेल कुठे, हे आधी ओळखणं हीच ती विद्वत्ता.

तोरावरच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांवरच्या त्यांच्या टीकेलाही, म्हणजे भाष्यालाही, हाच नियम लागू. ती वाचायची रूढ पद्धत आहे आणि ती पाळली नाही तर राशी सपक वाटतात. आधी मूळ वचन एकट्याने वाचायचं, टीकेकडे न बघता. त्यात खटकतं काय ते शोधायचं: एखादा शब्द जास्तीचा आहे का, क्रम उलटा आहे का, सांगायची गोष्ट गाळली आहे का. मग टीकेतले सुरुवातीचे ठळक शब्द बघायचे. राशी मुळातला नेमका किती तुकडा उचलतात याला महत्त्व आहे. तीन शब्द उचलले असतील तर गाठ त्या तीन शब्दांत आहे. त्यानंतर टीका वाचायची आणि विचारायचं की राशींना काय टोचलं. नवशिक्याची चूक एकच आणि ती हमखास होते. तो टीका आधी वाचतो, उत्तर पाठ करतो आणि प्रश्न कधी त्याच्या कानावरच येत नाही. शिक्षकांची चूक जरा वरच्या दर्जाची. ते राशींनी दिलेली कथा रंगवून सांगतात, आणि मुलं मोठेपणी शपथेवर सांगतात की ती कथा मूळ तोरामध्येच आहे. राशींनी उत्पत्तीच्या, म्हणजे तोरातल्या पहिल्या ग्रंथाच्या, तिसऱ्या अध्यायात स्वतःच बजावून ठेवलंय की कथा पुष्कळ आहेत, आपण आलोय तो वचनाचा सरळ अर्थ सांगायला आणि वचनाचे शब्द जागेवर बसवील तेवढीच कथा घ्यायला.

आता हा माणूस जवळून बघायचा असेल तर दोन जागा सांगतो. निर्गम या दुसऱ्या ग्रंथाच्या २८व्या अध्यायात मुख्य याजकाच्या पोशाखाचं वर्णन येतं. त्यातला ‘एफोद’ म्हणजे नक्की कसलं वस्त्र? राशी लिहितात की याचा आकार मी कुणाकडून ऐकला नाही, जुन्या ग्रंथांत मला सापडला नाही. पण माझं मन सांगतं की हे पाठीकडून बांधायचं काहीतरी असावं, उमराव घराण्यातल्या बायका घोड्यावर बसताना बांधतात त्या वस्त्रासारखं. आणि त्या वस्त्राचं त्यांच्या बोलीतलं नाव ते हिब्रू अक्षरांत लिहून टाकतात. वाळवंटातल्या तंबूतला याजक समजावून घ्यायला त्रुआच्या रस्त्यावरून जाणारी घोडेस्वार बाई उपयोगी पडली. त्याच अध्यायात पुढे याजकाला अधिकार देण्याचा विधी आहे. ‘हात भरणे’ या मूळ शब्दप्रयोगाचा खुलासा करताना राशी सांगतात की आमच्याकडे राजा कुणाला कामावर नेमतो तेव्हा त्याच्या हातात चामडी हातमोजा देतो. सरंजामी फ्रान्सचा हा रिवाज धर्मग्रंथाच्या टीकेत असा सहज येऊन बसलाय.

दुसरी जागा उत्पत्तीच्या २८व्या अध्यायातली. इसहाक याकोबाला लाबानाकडे पाठवतो, आणि वचन लाबानाची ओळख करून देतं: रिबेकेचा भाऊ, आणि रिबेका कोण, तर याकोब आणि एसाव यांची आई. आता हे वाचकाला केव्हाच माहीत असतं, तिच्या बाळंतपणापासूनची हकीकत त्याने वाचलेली असते. राशी हे शब्द उचलतात आणि पुढे लिहितात, यातून आपल्याला काय शिकायचं ते मला ठाऊक नाही. बस्स. गप्प राहायची पूर्ण मुभा होती. हजारो शब्दांवर ते गप्प राहिलेलेच आहेत. पण इथे प्रश्न आहे एवढं तरी नोंदवून ठेवलं पाहिजे, असं त्यांना वाटलं असावं. नंतरच्या टीकाकारांना ते सोसवलं नाही, हे वेगळं सांगायला नको. राशींच्या टीकेवर स्वतंत्र टीकाग्रंथ आहेत आणि ‘मला ठाऊक नाही’ यावरही त्यांनी शाई खर्च केली आहे.

राशींनी वापरलेल्या जुन्या फ्रेंच शब्दांना ‘लाअझ’ म्हणतात. तोरा आणि ताल्मूद मिळून ते हजारांच्या घरात आहेत. फ्रेंच भाषेच्या अभ्यासकांना हा खजिना, कारण अकराव्या शतकातली बोली इतक्या घरगुती शब्दांनिशी इतरत्र फारशी मिळत नाही: अवजारं, भांडी, शिवणटिपण, आजार. पण नकलाकार पुढे जर्मनीत, पोलंडात, येमेनमध्ये बसले होते, त्यांना फ्रेंचचा गंध नव्हता. अक्षरामागे अक्षर उतरवताना दालेत या हिब्रू अक्षराचा रेश झाला, वावचा योद झाला आणि शब्दाचं भजं झालं. एकोणिसाव्या शतकात आर्सेन दार्मस्तेतेर या फ्रेंच पंडिताने वेगवेगळ्या ग्रंथालयांतली हस्तलिखितं ताडून हे शब्द सोडवायला घेतले.

नव्या वाचकाला मात्र फ्रेंचच्या कितीतरी आधी लिपीच अडवते. टीका ज्या गोलसर वळणात छापतात त्याला ‘राशी लिपी’ म्हणतात. आणि राशींनी ती जन्मात वापरली नाही. ते स्पेनकडच्या ज्यूंचं हाताचं वळण. मुद्रकांनी मूळ मजकूर चौकोनी अक्षरांत आणि टीका या वळणात लावली, म्हणजे दोन्ही वेगळे दिसतात आणि जागाही वाचते. चौकोनी अक्षरं येणाऱ्याला आलेफ आणि शीन इथे ओळखूच येत नाहीत, आणि सामेख व शब्दाच्या शेवटी येणारा मेम इतके सारखे दिसतात की ते संदर्भानेच सोडवावे लागतात. सोपा उपाय म्हणजे पाठ असलेल्या वचनावरची टीका आधी घ्यायची, शब्द ओळखीचे असले की अक्षरं आपोआप बसतात.

लिपी जमली की संक्षेप आडवे येतात. शब्दातल्या शेवटच्या दोन अक्षरांच्या मध्ये दोन तिरक्या रेघा दिसल्या की समजायचं, इथे काहीतरी गिळलंय. ‘आलेफ-आलेफ’ असा संक्षेप असेल तर तो ‘अशक्य’ असेल, ‘आपला पिता अब्राहाम’ असेल किंवा ‘परस्त्री’ असेल. यातला कुठला घ्यायचा हे घाईत ठरवू नये.

राशींची टीका तोराच्या पानावर एकटी नसते. शेजारी अब्राहाम इब्न एझ्रा असतात, स्पेनमधल्या तुदेलाचे, व्याकरणात कडक आणि नशिबाने फाटके. त्यांनीच कवितेत म्हणून ठेवलंय की मी मेणबत्त्या विकायला बसलो तर सूर्य मावळायचा नाही आणि कफनं विकायला बसलो तर कुणी मरायचं नाही. त्यांच्या जवळ रामबान, म्हणजे जिरोनाचे नाख्मानिदेस, जन्म ११९४. (रामबाम ते वेगळे, कोर्दोबात जन्मलेले आणि इजिप्तमध्ये १२०४ साली वारलेले मायमोनिदेस. शेवटच्या एका अक्षराने इथे पुष्कळांची फजिती होते.) रामबान प्रस्तावनेत राशींना ज्येष्ठपणाचा मान देतात, आणि इब्न एझ्रांबद्दल म्हणतात की यांना आमचं उघड रागावणं आणि आतून प्रेम. टीकाकाराने टीकाकाराशी कसं वागावं याचा याहून नेमका करार मी वाचलेला नाही.

घरातलं रागावणंही उघडच होतं. नातू राश्बाम, म्हणजे श्मुएल बेन मेइर, सरळ अर्थाचा आजोबांपेक्षा कट्टर. योसेफाची कथा सुरू होते तिथे तो लिहितो की मी आजोबांशी वाद घातला आणि त्यांनी कबूल केलं की सवड मिळाली असती तर रोज नव्याने उमगणाऱ्या सरळ अर्थांप्रमाणे त्यांनी दुसऱ्या टीका लिहिल्या असत्या. त्याचा धाकटा भाऊ रब्बेनू ताम, त्याची तक्रार वेगळी: आजोबा पाठ, म्हणजे मुळातले शब्द, सुधारायचे ते आपल्या टीकेत, मूळ पोथीला हात लावायचे नाहीत, थोरल्या भावाने मात्र पोथ्याच खोडल्या. ही तक्रार अजून भोवते. ‘आपण असं वाचायचं’ म्हणून राशी एक पाठ सुचवतात. मुद्रकांनी तो गुपचूप मुळात घातला. आता वाचक मूळ बघतो, टीप बघतो, दोन्हीकडे तेच! मग टीप दिली कशाला, म्हणून डोकं खाजवत बसतो. अशा जागी जुना पाठ हस्तलिखितात हुडकल्याशिवाय टीप बोलत नाही.

छापखान्याने राशींवर उपकारही केले. साल छापलेलं सगळ्यात जुनं हिब्रू पुस्तक म्हणजे १४७५ साली इटलीतल्या रेज्जो दि कालाब्रिया इथे अब्राहाम बेन गार्तोनने काढलेली राशींची तोरावरची टीका. त्यात तोराचा मजकूर नाही, नुसती टीका! तोरा टीकेसकट छापून आली ती १४८२ साली, बोलोन्यात. समास आधी निघाला, मधला मजकूर मागून.

ताल्मूदचा साचा पक्का केला तो दानिएल बोम्बेर्खने. मूळचा अँटवर्पचा, धर्माने ख्रिस्ती, धंदा व्हेनिसमध्ये. १५२० ते १५२३ या काळात त्याने संपूर्ण ताल्मूद काढला आणि पानांचे आकडे कायम झाले. १५५३ साली रोममध्ये ताल्मूदच्या होळ्या झाल्या, पण आकडे टिकले. १८८० च्या दशकात आजच्या लिथुआनियातल्या विल्नाच्या ‘विधवा आणि रोम बंधू’ (इथे रोम हे आडनाव) या छापखान्याने काढलेली आवृत्ती आज घरोघर असते, तीही तोच शब्द त्याच पानावर ठेवते. ताल्मूदमधला प्रत्येक ग्रंथ पान दोनपासून सुरू होतो, कारण पहिलं मुखपृष्ठात जातं. आणि पान वाक्याच्या मध्येच संपलं तर संपलं. १९२३ साली रब्बी मेइर शापिरो यांनी व्हिएन्नात रोज एक पान वाचायचा उपक्रम मांडला, ‘दाफ योमी’. २७११ पानं, सुमारे साडेसात वर्षं. १४वं आवर्तन ५ जानेवारी २०२० ला सुरू झालं. या मंडळींना अर्ध्या वाक्यावर पुस्तक मिटायची सवय असते.

मराठीचा या समासाशी संबंध अगदी कडेचा. कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे तिथल्या ज्यूंनी, पिढ्यान् पिढ्या ग्रंथांवाचूनच शब्बाथ पाळला आणि शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवलं. एकोणिसाव्या शतकात हिब्रू-मराठी हग्गादा निघाल्या, १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात. वल्हांडण या सणाच्या रात्री वाचायचं हे पुस्तक.

राशींचं सगळं पुरं झालं नाही. ताल्मूदमधल्या ‘मक्कोत’ या ग्रंथात १९व्या पानाच्या दुसऱ्या बाजूला टीका थांबते आणि पुढचं जावई यहूदा बेन नातान यांचं असल्याची नोंद येते. ‘बावा बात्रा’मध्ये २९व्या पानापासून राश्बाम सुरू होतो. छापील नोंद नसती तरी ओळखू आलं असतं, कारण आजोबा जिथे चार शब्दांत उरकतात तिथे नातू पुरता परिच्छेद लिहितो. समास फुगला की मधल्या मजकुराला जागा उरत नाही. पानावर मूळच्या ओळी थोड्या, भोवती राश्बामच राश्बाम. पानसंख्येत बावा बात्रा सगळ्यात मोठा, थेट १७६ पर्यंत, तो बराचसा याच पायी. शब्द मोजले तर तो पहिला येत नाही. रोज एक पान वाचणाऱ्यांची यावर तक्रार नसते. आकडा तेवढाच पुढे सरकतो आणि मूळ मजकूर थोडक्यात आटोपतो.